गोळी बंद करण्याआधी पिशवी टेबलावर रिकामी करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ५४ वर्षांच्या, सोलापुरात असतात. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. आईंनी तीसेक वर्षं विड्या वळल्या. सहा वर्षांपासून आमवात आहे. आठवड्याला मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज थोडं स्टेरॉइड, 'आणि लागेल तशी दुखण्याची गोळी'. दोन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. शेजारच्या बाईंनी सांगितलं की या गोळ्यांनी लिव्हर आणि किडनी जाते, त्यामुळं आईंनी सगळंच बंद करायचं ठरवलंय. तुम्ही विचारताय, हे रोगामुळं झालं की औषधामुळं, आणि गोळ्या थांबवू का?

आधी तातडीचं सांगतो. खोकला आणि धाप अंगावर काढू नका, याच आठवड्यात छाती तपासून घ्या. तोपर्यंत मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस डॉक्टरांना फोनवर विचारूनच द्या. एखादा आठवडा चुकला तर सांधे थोडे कुरकुरतील, त्यापलीकडं काही होत नाही. स्टेरॉइडची गोळी मात्र एकही दिवस चुकवू नका. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते बनवायचं सोडून देतात. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस गळून पडतो. ती कमी करायची तर पायरीपायरीनंच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. मी बावीस वर्षं सोलापुरात संधिवाताचे रुग्ण बघतोय. 'रोग की औषध' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि त्यात भीती नेहमी मेथोट्रेक्सेटचीच असते, कारण कोणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं की ही कॅन्सरची गोळी आहे. खरं आहे, कॅन्सरमध्येही ती वापरतात, पण तिथला डोस कितीतरी पट मोठा असतो. अमेरिकेत १९८८ साली तिला आमवातासाठी मान्यता मिळाली, तेव्हापासून जगभर आमवाताच्या उपचाराचा ती कणा आहे. घरात जिची कुणालाच भीती वाटत नाही ती 'लागेल तशी' घेतलेली दुखण्याची गोळी. माझ्या ओपीडीत बिघडलेली किडनी घेऊन आलेल्या आमवाताच्या रुग्णांत मला आधी तीच सापडते.

रोगाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमवात म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरून स्वतःच्याच ऊतींवर तुटून पडते आणि त्याचा पहिला फटका सांध्याच्या आतल्या अस्तराला बसतो. विड्या वळणाऱ्या बायकांना हे लवकर कळतं. एक आजी आल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं वळायचं काम सुरूच होतं म्हणाल्या, "पण डॉक्टर, शेवटी दोरा बांधायला बोटं वळंनात बगा." सकाळचा तासभर त्या मुठी उघडझाप करत बसायच्या. रक्तात मात्र ही दाहाची रसायनं सगळीकडं फिरत असतात. फुप्फुस, हृदय, डोळे, नसा, रक्त, कुठंही त्यांचा हात पोचतो. म्हणून रोग काबूत नसलेला माणूस औषध न घेता बसला तर त्याचे अवयव सुरक्षित राहतात, ही समजूत मला सगळ्यात महागात पडताना दिसलीय.

फुप्फुसावर जरा थांबतो, कारण आईंची तक्रार तिथली आहे. इथं चार संशयित असतात.

पहिला खुद्द आमवात. साधारण दहातल्या एका रुग्णात फुप्फुसाच्या जाळीत दाह होऊन हळूहळू व्रण धरतात. स्पंज वाळून कडक व्हावा तसं फुप्फुस ताठर होतं. हे महिन्यामहिन्यांनी वाढतं. आधी फक्त चढावर धाप लागते, बसल्याजागी काही नसतं. गंमत अशी की गुडघे-घोटे दुखत असतात त्यामुळं माणूस मुळात कमी चालतो, मग धाप जाणवतच नाही. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितलं की श्वासाच्या शेवटी बारीक चरचर येते, चपलेचा वेल्क्रोचा पट्टा सावकाश सोडवावा तशी. ती ऐकू आली की मी एक्स-रेवर समाधान मानत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, काढावा लागतो आणि फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी करावी लागते.

दुसरा मेथोट्रेक्सेट. त्याच्यामुळं फुप्फुसाला सूज येऊ शकते, पण ती क्वचित, बहुतेक वेळा गोळी सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात, आणि काही दिवसांत-आठवड्यांत झपाट्यानं वाढणारी. सोबत बहुधा ताप असतो. सहा वर्षं तोच डोस पचवलेल्या बाईला आत्ता ती होण्याची शक्यता कमी आहे, शून्य नाही. आणि वर सांगितले ते सावकाश धरणारे व्रण मेथोट्रेक्सेटमुळं होतात ही जुनी धारणा होती. अलीकडच्या वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांनी तिला आधार दिलेला नाही. आम्ही डॉक्टरांनीच अनेक वर्षं या गोळीवर हा आळ घेतला, हे कबूल करायला हवं.

तिसरा संसर्ग, आणि आपल्याकडं त्यात पहिलं नाव टीबीचं. प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं, त्यातही स्टेरॉइड, सुप्त टीबीला जागं करतात. दोन महिन्यांचा खोकला म्हटल्यावर थुंकीची सीबीनॅट तपासणी झालीच पाहिजे. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. खोकला कोरडा आहे म्हणून टाळू नका, वाफ देऊन थुंकी काढता येते.

चौथा संशयित घरातच असतो. तीस वर्षं तंबाखूचा भुकटा नाकातोंडात गेलाय, त्यात पहाटेची मिश्री असेल तर विचारायलाच नको. धूम्रपान आणि आमवात यांचं नातं पक्कं आहे: त्यानं रोग होण्याचा धोका वाढतो आणि फुप्फुसाचं दुखणंही. आपल्या गावासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मलेशियातल्या स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात कापडाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये आमवात जास्त दिसला. यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस समोर बसला की मला ते आठवतं. धाप हृदयामुळंही लागू शकते, म्हणून ईसीजी आणि टूडी एको सोबतच उरकून घ्या.

घरी एक करता येईल. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कुठंतरी पडला असेल. आईंना आधी पाच मिनिटं बसवून आकडा लिहा, मग सपाट जागी सहा मिनिटं त्यांच्या चालीनं चालवा आणि परत लिहा. चालल्यावर आकडा चार किंवा त्याहून जास्तनं घसरला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. बसल्याजागीच नव्वदीच्या आसपास असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नखं रंगवलेली नसावीत, बोटं गार पडलेली नसावीत, नाहीतर आकडा फसवतो.

आता शेजारच्या बाईंच्या लिव्हर-किडनीकडं वळू. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, फक्त दोन अवयवांच्या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एकत्र केल्यात.

मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देऊ शकतं. पण कुणाला, हे परिस्थितीवर आहे. रोज दारू पिणारा, पोट सुटलेला आणि साखर असलेला, जुनी कावीळ बी किंवा सी असलेला, अशांना जास्त. म्हणून गोळी सुरू करण्याआधी काविळीच्या तपासण्या करतात. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर दर तीन महिन्यांनी यकृतासाठी एसजीपीटी, रक्तपेशींची मोजणी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघतात. एसजीपीटी थोडी वाढली तर आम्ही डोस आणि वेळ बघतो. कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेली तर थांबवतो. बहुतेकांचं यकृत मग पूर्ववत होतं. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं दुसरं औषध सोबत असेल तर लक्ष आणखी बारीक ठेवावं लागतं, त्यानं रक्तदाबही चढतो.

एक विचारून ठेवतो: आई गुळवेलाचा काढा घेतात का? कोरोनाच्या काळात घरोघरी सुरू झाला तो कित्येकांचा अजून सुटलेला नाही. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेलानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. माझं मत विचाराल तर जिची संरक्षक यंत्रणा आधीच बिथरलीय, तिला प्रतिकारशक्ती वाढवणारं काही देऊच नये. गोळी चालू, काढाही चालू आणि एसजीपीटी वाढलेली असली की घरचे गोळीकडं बोट दाखवतात. काढ्याचं नावसुद्धा निघत नाही, कारण तो 'औषध' नसतो.

मूत्रपिंडाची कथा वेगळी आहे. मेथोट्रेक्सेट नेहमीच्या डोसात किडनी सहसा बिघडवत नाही, पण ते शरीराबाहेर जातं किडनीतून. किडनी मंदावली की गोळी तीच, आठवडा तोच, पण औषध आत साचत जातं. आणि किडनी मंदावते कशानं? एप्रिल-मेचं सोलापूर डोळ्यांसमोर आणा. पारा ४२ वर, पत्र्याखाली बसून काम, शौचालयाची अडचण म्हणून बायका पाणी कमी पितात. किडनीला जाणारा रक्तप्रवाह अशा वेळी काही नैसर्गिक रसायनांच्या भरवशावर टिकून असतो. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब या दुखण्याच्या गोळ्या नेमकी तीच रसायनं बंद करतात. त्यातच रक्तदाबाची एखादी गोळी आणि जुलाब झालेले असले की क्रिएटिनिन दोन दिवसांत वर जातं.

एका मे महिन्यात अशाच एक बाई आल्या, अक्कलकोट रस्त्याकडच्या. तोंड इतकं आलेलं की पाण्याचा घोटही जाईना, ओठांवर रक्ताच्या खपल्या. सुनेनं सांगितलं, गोळ्या उष्ण पडल्या, म्हणून दोन दिवस सब्जा दिला. मी नेहमीप्रमाणं म्हटलं, पिशवी टेबलावर रिकामी करा. एका कापड दुकानाची पिवळी पिशवी होती. त्यातून निघालं ते असं: मेथोट्रेक्सेटची पट्टी, तिचे त्रास कमी व्हावेत म्हणून देतात त्या फॉलिक ॲसिडची पट्टी, मेडिकलवाल्यानं कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या चार प्रकारच्या सुट्या गोळ्या, एक बाम आणि कुठल्याशा वैदूची राखाडी पावडर. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि एवढ्याएवढ्याशा. बाईंना वाचता येत नव्हतं. आठवड्याची गोळी रोज आणि रोजची आठवड्याला, असं अकरा दिवस चाललेलं. पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, सलाइन आणि प्रतिजैविकं चालवून नऊ दिवसांनी त्या घरी गेल्या. दैव बलवत्तर, दुसरं काय.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढंच लिहून सोडत नाही. वार लिहितो, 'फक्त सोमवार', आणि कालनिर्णयावर प्रत्येक सोमवारी लाल गोल करायला लावतो. पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू बोलणाऱ्या मावश्यांना 'वारानिकि ओकसारि' असं म्हणून वर बोटानं एक दाखवतो. मराठीत वार म्हणजे दिवस, तेलुगूत वारम म्हणजे आठवडा. घोटाळ्याला एवढी जागा पुरते. फॉलिक ॲसिड वेगळ्या डबीत, वेगळ्या दिवशी. आणि कुठल्याही डॉक्टरकडं लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी गेलात तर 'मेथोट्रेक्सेट चालू आहे' हे पहिलं वाक्य असू द्या. सल्फा गटातलं को-ट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत पडलं तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा थंडावते.

त्या राखाडी पावडरीचं राहिलं. ज्या पुडीनं दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, भूक खवळते आणि चेहरा गोल व्हायला लागतो, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय मी आधी घेतो. सगळ्याच वैद्यांना मी एका मापात तोलत नाही, शिकलेले वैद्य काय देतात ते लिहून देतात. पण नाव नसलेली पुडी नकोच. स्टेरॉइड हे गुणी औषध आहे. ते पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिलं गेलं, अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली आणि १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. दोष त्याच्या मुक्कामात आहे. वर्षानुवर्षं राहिलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, त्वचा कागदासारखी होते, संसर्ग पटकन धरतो. आईंचं स्टेरॉइड सहा वर्षं चालू आहे, याचा अर्थ मुख्य औषध पुरं पडत नाहीये. तुमच्या जागी मी असतो तर डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला असता: मेथोट्रेक्सेट घेऊनही स्टेरॉइड का सुटत नाही, दुसरं काही जोडता येईल का?

हृदयाबद्दल थोडक्यात. आमवातात हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरतात, कारण तोच दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही धुमसतो. छातीत दुखलं तर 'वात आहे' म्हणून तेल चोळत बसू नका. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा बघा. मिश्री सोडणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात अवघडही, मला ते ठाऊक आहे.

रक्त कमी असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊ घालू नका. दाहामुळं होणारा पांडुरोग लोहानं भरत नाही, रोग शांत झाला की भरतो. मात्र शौचाला डांबरासारखी काळी होत असेल तर दुखण्याच्या गोळीनं पोटात जखम केलीय असं समजून लगेच दाखवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचं आणखी एक औषध चालू असेल तर डोस वजनाच्या किलोमागं दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत हवा, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासायचा. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाही, पण पिशवीत निघेल असा माझा अंदाज आहे.

पुढं कोणी आमवाताची नवी औषधं, म्हणजे टोफासिटिनिबची गोळी किंवा बायोलॉजिकल इंजेक्शनं, सुचवली तर आधी टीबीची चाचणी आणि काविळीच्या तपासण्या झाल्यात ना, हे बघा. टोफासिटिनिबबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२१ साली हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाचा इशारा दिला, तो मुख्यतः पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांच्या अभ्यासावरून. आईंचं वय आणि तंबाखूचा इतिहास बघता मी ते पहिल्या फळीत निवडणार नाही. फुप्फुसात खरंच व्रण निघाले तर रिटुक्सिमॅब किंवा मायकोफेनोलेटसारखे पर्याय असतात, पण तो निर्णय एचआरसीटी, फुंकण्याची चाचणी आणि आईंची किडनी हे सगळं समोर ठेवूनच करता येतो. इथं लिहून मी तो करू शकत नाही, आणि कोणी करत असेल तर ऐकू नका.

तेव्हा या शनिवारी सोलापूरला या. आईंना पिशवी भरायला सांगू नका, त्या नको असलेलं मागं ठेवतील. स्वतः जाऊन देव्हाऱ्याशेजारचा डबा, फ्रीजचा दरवाजा आणि उशीखालची जागा बघा. काढे, पुड्या, बाम, सगळं एका पिशवीत. सोबत गेल्या वर्षभराचे रक्ताचे रिपोर्ट घ्या. क्रिएटिनिनचे आकडे तारखेनुसार एका कागदावर उतरवून काढलेत तर समोरच्या डॉक्टरचा निम्मा वेळ वाचेल. आणि सहा वर्षांपूर्वी आमवाताचं निदान झालं तेव्हा छातीचा एक्स-रे काढलेला असण्याची बरीच शक्यता आहे. तो बहुधा कपाटावर, लग्नाच्या अल्बमखाली दडपलेला असेल. तो शोधा. आजचा फोटो कितीही चांगला निघाला तरी तुलनेला जुना हाताशी असला की फुप्फुसातली रेघ सहा वर्षं तिथंच आहे की दोन महिन्यांत आलीय, हे एका नजरेत कळतं.